आयसीपी रिपोर्ट (पाण्यातल्या मूलद्रव्यांची लॅब तपासणी) आला, आता ट्रेस (सूक्ष्म मूलद्रव्यं) काय आणि किती टाकू? (लातूर, मऊ प्रवाळांची टाकी)

मांजराकाठी (लातूर), ९ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याची टाकी चार बाय दीड बाय दीड फूट, खाली सम्प (फिल्टरची टाकी), अडीच वर्षं चालू आहे. सगळे मऊ प्रवाळ: एक मोठं टोडस्टूल लेदर, झोअँथस, मशरूम, ग्रीन स्टार पॉलिप. क्लाऊनफिशची जोडी, एक क्लीनर श्रिंप, पंधरा-वीस गोगलगाई. पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ११०० च्या आसपास, त्यावर आरओडीआय (क्षार काढून टाकणारा फिल्टर).

होळीपर्यंत सगळं छान होतं. मग लेदरने तोंड मिटलं ते मिटलंच. पूर्वी दिवे लागले की अर्ध्या तासात सगळे पॉलिप (फुलासारखे बारीक जीव) बाहेर यायचे, हात फिरवावासा वाटेल असं दिसायचं. आता वर मेणासारखा थर धरून नुसतं उभं आहे. झोआ अर्धवट मिटलेले. गोगलगाई आठवड्याला दोन-तीन या हिशेबाने काचेवरून खाली पडून मरतात. मासे मात्र ठणठणीत, खातात-पितात.

मला वाटलं ट्रेस कमी पडले असतील. उन्हाळ्यात पाणी बदलणं मी जवळपास बंदच केलं होतं, कारण नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही आणि बोअरही मार्चपासून धापा टाकतोय. म्हणून मिश्र ट्रेसची एक बाटली आणली आणि मेडिकलमधून लुगॉल (आयोडीनचं द्रावण) आणलं, ५ टक्क्यांचं, आठवड्यातून दोनदा ३ थेंब. फरक पडला नाही, उलट बिघडलंच. शेवटी नमुना परदेशी लॅबला पाठवला. रिपोर्ट असा:

क्षारता (खारेपणा, हजार भागांत मीठ) ३३.०. कॅल्शियम ३९०, मॅग्नेशियम १२१५, पोटॅशियम ३६५, स्ट्रॉन्शियम ७.४, आयोडीन ०.१४ (सगळे मिग्रॅ/लिटर). तांबं २४, जस्त ६१, मॉलिब्डेनम १० (मायक्रोग्रॅम/लिटर). लोह, मँगनीज, व्हॅनेडियम: आढळले नाही.

घरच्या रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं साधन) क्षारता ३५ येते. आल्कलिनिटी ८.२ डीकेएच, नायट्रेट १० च्या आत.

पोटॅशियम, मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम, लोह, मँगनीज सगळंच कमी दिसतंय. कुठून सुरुवात करू? जाणकारांनी डोस सांगावा.

---

विष्णुपुरी (नांदेड), ९ मे, रात्री ११:२५

दादा, पोटॅशियम ३६५ म्हणजे कमीच आहे, ते ४०० च्या जवळ हवं. लोह आणि मँगनीज शून्य आहे, तेही लागतं. मी आठ वर्षं समुद्री टाकी ठेवतोय आणि गेली तीन वर्षं पाणी बदलणं अगदी कमी करून डोसिंगवरच चालवतोय. आपल्या भागात दुसरा इलाजही नाही. चार पंपांचा डोसर लावा, रोज थोडं थोडं जाऊ द्या. आयोडीन तेवढं थांबवा.

---

खामकाठची (छत्रपती संभाजीनगर), १० मे, सकाळी ७:१०

दादा, कृपा करून आज काहीच टाकू नका. बाटल्या कपाटात ठेवून द्या. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि घरी अशीच एक टाकी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रिपोर्टमध्ये पहिली ओळ क्षारतेची आहे, ती आधी वाचायची. समुद्राच्या पाण्यात मोठ्या क्षारांचं एकमेकांशी प्रमाण ठरलेलं असतं. क्षारता ३५ असेल तर कॅल्शियम साधारण ४१२, मॅग्नेशियम १२९०, पोटॅशियम ४००, स्ट्रॉन्शियम ८ च्या आसपास. पाणी पातळ झालं की हे सगळे आकडे एकत्रच उतरतात. तुमचे आकडे ३५ ने गुणून ३३ ने भागा. कॅल्शियम ४१४. मॅग्नेशियम १२८९. पोटॅशियम ३८७. स्ट्रॉन्शियम ७.८. सांगा, यात कमी काय आहे? तुमच्या टाकीत पोटॅशियम कमी नाही, मीठ कमी आहे. आता पोटॅशियम वेगळं टाकलंत आणि महिन्याभराने क्षारता सुधारलीत, तर तेच पोटॅशियम वर जाऊन बसेल.

रिफ्रॅक्टोमीटर कशाने शून्यावर लावता? आरओच्या पाण्याने ना? बहुतेक जण तेच करतात. त्याने शून्याजवळ तो बरोबर दाखवतो, ३५ जवळ चुकू शकतो. ३५ पीपीटीचं तयार कॅलिब्रेशन द्रावण मिळतं, त्याने लावा.

आता "आढळले नाही" या शब्दांबद्दल. या तपासणीत, म्हणजे आयसीपी-ओईएसमध्ये, पाण्याचा फवारा आर्गनच्या प्लाझ्मात जातो, हजारो अंशांवर अणू तापतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश सोडतं. तो किती तेज आहे त्यावरून प्रमाण काढतात. पण फार अंधुक प्रकाश त्या यंत्राला दिसत नाही. खुल्या समुद्रातसुद्धा पृष्ठभागाजवळ लोह लिटरला एक मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असतं. म्हणजे अस्सल समुद्राचं पाणी पाठवलं तरी लोहापुढे बहुधा हेच शब्द येतील. ती कमतरता नाही, यंत्राची मर्यादा आहे.

माझं लक्ष मात्र दुसरीकडे जातंय. तांबं २४ आणि जस्त ६१. समुद्रात तांबं एक मायक्रोग्रॅमच्याही खाली असतं. आजारी माशांना तांब्याचं औषध देतात तेव्हा पातळी १५० ते २०० मायक्रोग्रॅम ठेवतात. मासे ते सोसतात, गोगलगाई-श्रिंप-प्रवाळ सोसत नाहीत, ती त्याच्या कितीतरी खालीच खंगायला लागतात. तुमचे मासे ठणठणीत आणि गोगलगाई मरतात, हे चित्र याच्याशी तंतोतंत जुळतं. घरगुती तांब्याच्या किटवर २४ दिसणारही नाही, इतकी बारीक मोजणी त्यांना जमत नाही.

तांबं आणि जस्त दोन्ही जोडीने वाढलेत म्हणजे मला पितळ दिसतंय. पाण्याच्या वाटेत कुठेतरी पितळ आहे का बघा. कॉक, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पंपाचा जोड, काहीही.

---

मांजराकाठी, १० मे, सकाळी ८:०५

ताई, गुणाकार करून बघितला आणि गप्पच बसलो. खरंच सगळं बरोबर येतंय. पितळ टाकीत तरी नाही. संध्याकाळी ड्रमपासून सगळी लाइन तपासतो.

---

काळी_माती (परभणी), १० मे, दुपारी १:३०

राम राम. माझ्याकडं लहान टाकी हाय, समुद्राची नाही. पण हा धागा वाचताना आमचं शिवारच डोळ्यांपुढं आलं म्हणून लिहायलो.

आमच्याकडं चुनखडीच्या जमिनीत सोयाबीन पिवळं पडतं, उसावर केवडा येतो. माणूस म्हणतो लोह कमी पडलं, आणि हिराकस फेकतो. जमिनीत लोह भरपूर असतंय हो. सामू (पीएच) वाढलेला असतो म्हणून ते पिकाला उचलता येत नाही, टाकलेलं हिराकसही तसंच दगड होऊन पडतं. म्हणून चिलेटेड (विरघळलेलंच राहणारं) लोह फवारायला सांगतात. अन् त्याच्याही आधी माती तपासायला सांगतात. शेजारच्यानं झिंक टाकलं म्हणून आपणही टाकायचं, असं लोक करायलेत अजून.

ताईंना एक विचारायचं. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ असतो म्हणतात. मग तिथं बी लोह असंच बसत असंल ना? अन् दुसरं, पोटॅशियम लागलंच तर खताच्या दुकानातलं म्युरेट ऑफ पोटॅश चालंल का? लई स्वस्त पडंल.

---

खामकाठची, १० मे, दुपारी ३:५०

दादा, तुमचा अंदाज अगदी बरोबर आहे. ८.२ सामूला मोकळं लोह फार वेळ विरघळलेलं राहत नाही, त्याचा गंज होऊन तळाशी बसतो. म्हणून ट्रेसच्या बाटल्यांतही लोह बहुतेक वेळा चिलेटेड असतं. काळ्या जमिनीला जो न्याय तोच इथे.

म्युरेट ऑफ पोटॅश वापरू नका. नाव पोटॅशियम क्लोराइड हेच असलं तरी तो लालसर रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो, आणि बाकी काय काय सोबत येतं ते पोत्यावर लिहिलेलं नसतं. पिकाला त्याने फरक पडत नाही. इथे आपण मायक्रोग्रॅम मोजतोय. लागलंच तर शुद्ध प्रतीचं पोटॅशियम क्लोराइड घ्यायचं. त्यात वजनाने ५२ टक्के पोटॅशियम असतं, म्हणजे २०० लिटर पाण्यात १० मिग्रॅ/लिटर वाढवायला ३.८ ग्रॅम. मी एका दिवसात त्याहून जास्त कधीच वाढवत नाही.

---

मांजराकाठी, १० मे, रात्री ९:५५

सापडलं.

आरओडीआयच्या ड्रममधून सम्पला बाष्पीभवनाचं पाणी भरायला फ्लोट व्हॉल्व्ह आहे. महाशिवरात्रीच्या आठवड्यात प्लास्टिकचा तुटला तेव्हा प्लंबरने वरच्या पाण्याच्या टाकीला लावतात तसला पितळी बसवून दिला होता. "हा दहा वर्षं हलणार नाही" म्हणाला होता. मला ते पटलं होतं.

आज पाना लावून काढला. बाहेरून लखलखीत पिवळा. आतून, जिथे वायसर बसतो त्या कडेला, पिवळेपणा गेलेला, जागा तांबूस झालेली, आणि नळीच्या तोंडाशी हिरवट पांढुरका थर. बोटाने पुसला तर बोटाला लागला. खाली पाण्याची एक पातळ रेघ सुकलेली होती, तीही हिरवट.

ड्रममध्ये टीडीएस ०. व्हॉल्व्हमध्ये रात्रभर थांबलेल्या पाण्यात २. दोन म्हणजे मला काहीच वाटलं नसतं.

आणि उन्हाळा. मार्चपासून पंखे लावलेत, हवा कोरडी, रोज ६ लिटर पाणी उडतं. हिवाळ्यात दोनही उडत नव्हतं. म्हणजे दोन महिने रोज ६ लिटर पाणी त्या कॉकमधून जाऊन टाकीत पडत होतं. मी वरून औषधं शोधत होतो आणि विष मीच थेंबाथेंबाने सोडत होतो. श्रिंप अजून आहे. आज काचेजवळ येऊन उभा राहिला तेव्हा फार वाईट वाटलं.

---

खामकाठची, १० मे, रात्री १०:३०

वाईट वाटून घेऊ नका दादा, वेळेत सापडलं.

ती तांबूस कड म्हणजे पितळातलं जस्त आधी सुटून गेलं आणि तांबं मागे राहिलं. म्हणूनच रिपोर्टात जस्त तांब्याच्या अडीचपट आहे. आरओडीआयच्या पाण्यात क्षार नाहीत, सामू सावरून धरणारं काही नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल होतं. असं भुकेलं पाणी धातूला सोडत नाही. आंबट वरण पितळी पातेल्यात कळकतं म्हणून आपल्याकडे कल्हई लावून घ्यायचे, ते यासाठीच. बोअरच्या जड पाण्यात हाच कॉक खरंच दहा वर्षं टिकला असता, प्लंबरचं चुकलं नाही.

आता क्रमाने. प्लास्टिकचा व्हॉल्व्ह लावा. धातू शोषणारं रेझिन मिळतं ते पिशवीत घालून सम्पमध्ये, प्रवाहात ठेवा. तांबं धरलं की ते निळसर पडतं. आणि पाणी बदला, प्रत्येक वेळी २० टक्के. २४ चं १९, मग १५, मग १२, चौथ्या वेळी १० च्या आत. नव्या पाण्याची क्षारता ३५ ठेवा, पण ३३ वरून एकदम उडी नको. बाष्पीभवनाच्या ६ लिटरपैकी २ लिटर खारं, ४ लिटर गोडं असं भरलंत तर रोज साधारण ०.४ ने वाढेल, पाच-सहा दिवसांत जागेवर येईल. ३५ झालं की पुन्हा फक्त गोडं.

---

विष्णुपुरी, ११ मे, सकाळी ६:५०

ताई, क्षारतेचा मुद्दा माझ्या लक्षात यायला हवा होता. आकडा बघून घाईने लिहिलं.

पण पाणी बदलण्याबद्दल माझं म्हणणं कायम आहे. २०० लिटर धरले तर २० टक्के म्हणजे ४० लिटर, चार वेळा, १६० लिटर. माझा आरओ लिटरला तीन लिटर पाणी फेकतो. ४८० लिटर रिजेक्ट, तेही मे महिन्यात, लातुरात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. घरातलं कोणी घागर घेऊन टँकरच्या रांगेत असताना मी टाकीसाठी पाणी फेकू शकत नाही. डोसिंगकडे मी हौसेने नाही वळलो.

---

खामकाठची, ११ मे, सकाळी ७:४०

सर, तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे. डोसिंगला माझा विरोध नाही. पाणी बदलायचं नसेल तर जे खर्च होतं ते परत द्यावंच लागतं. पण डोसिंगने भर घालता येते, काढून घेता येत नाही. पाणी न बदलणाऱ्याने म्हणून जास्त वेळा मोजायला हवं. तुम्ही वर्षातून किती वेळा आयसीपी करता?

---

विष्णुपुरी, ११ मे, सकाळी ८:१५

तीनदा. आणि दर वेळी आरओडीआयच्या पाण्याचाही नमुना पाठवतो. हे मी आधी लिहायला पाहिजे होतं, त्याशिवाय माझी पद्धत कोणी उचलू नये.

रिजेक्टचं मी असं करतो: वेगळ्या टाकीत साठवतो, फरशी, अंगण, संडास यांना तेच. झाडांना रोज घालत नाही, काळ्या जमिनीत क्षार साठतात. मांजराकाठीदादा, तुम्ही चारच्या ऐवजी दोन वेळा बदला आणि बाकी रेझिनवर सोडा. थोडं हळू होईल, पण होईल.

---

नवा_मासा (बीड), ११ मे, दुपारी १२:२०

फार शिकायला मिळतंय. दोन प्रश्न. लुगॉलचे थेंब नक्की किती म्हणजे जास्त? आणि मला एक्रोपोरा हे दगडी प्रवाळ ठेवायचं आहे, त्याला ट्रेस किती लागतात? नमुना इथल्याच एखाद्या लॅबमध्ये तपासून मिळेल का?

---

खामकाठची, ११ मे, संध्याकाळी ६:००

एक्रोपोराचं आधी. ठेवू नका. सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. कोणी विकत असेल तरी घेऊ नका. बाहेरच्या देशांतले डोसिंगचे तक्ते बहुतेक दगडी प्रवाळांनी भरलेल्या टाक्यांचे असतात, तेही लक्षात असू द्या. आपल्या मऊ प्रवाळांच्या टाकीत कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम फार सावकाश खर्च होतं.

लुगॉल: ५ टक्क्यांच्या द्रावणात ५ टक्के आयोडीन आणि १० टक्के पोटॅशियम आयोडाइड असतं. दोन्ही मिळून एका मिलीत सव्वाशे मिग्रॅ आयोडीन होतं. एक थेंब ०.०५ मिली धरला तर ६ मिग्रॅ. २०० लिटरमध्ये ते ०.०३ मिग्रॅ/लिटर वाढवतं. आणि समुद्रात आयोडीन असतंच मुळी ०.०६. म्हणजे दोन थेंबांत समुद्राच्या पाण्यात असतं तेवढं आयोडीन झालं. दादा आठवड्यातून दोनदा तीन-तीन थेंब टाकत होते. बाटलीला ड्रॉपर दिसला की माणसाला थेंब म्हणजे थोडंसं वाटतं, ते इथे खरं नाही.

लॅबचं: लॅबला विचारा की समुद्राच्या पाण्याइतक्या खारट द्रावणावर यंत्र कॅलिब्रेट करता का. लिटरला ३५ ग्रॅम मीठ असलेलं पाणी साध्या पाण्याच्या पद्धतीने चालवलं तर नेब्युलायझर (फवारा करणारा भाग) चोंदतो आणि आकडे चुकतात. पातळ करून चालवलं तर जे शोधायचं तेच दिसेनासं होतं. म्हणून मीही बाहेरच पाठवते.

नमुना घेताना: कुपी टाकीच्याच पाण्याने तीन वेळा विसळा, मधल्या थरातून भरा, बोट आत जाऊ देऊ नका. डोस दिल्यावर लगेच घेऊ नका. आयोडीनच्या आकड्यावर फार विसंबू नका, प्रवासात तो बदलतो.

---

काळी_माती, ११ मे, रात्री ८:४५

मांजराकाठीदादा, तुमच्या टाकीत खरं पाणी किती हाय ते मोजलं का? आमच्याकडं सातबाऱ्यावर एकर असतंय अन् पेरायला बांध सोडून जमीन मिळती. औषधाचा हिशेब पेरलेल्या जमिनीवर करावा लागतो.

---

मांजराकाठी, ११ मे, रात्री ९:३०

आजच मोजलं भाऊ. मापाने टाकी २५५ लिटर, दगड-वाळू वजा करून आणि सम्प मिळवून १९० लिटर. मी बाटल्यांचा हिशेब ३०० वर करत होतो. प्रत्येक डोस दीडपट जास्त.

---

मांजराकाठी, २४ जून, रात्री ९:१५

मंडळी, उशिरा लिहितोय, रिपोर्टची वाट बघत होतो.

पाणी दोनदाच बदललं. रेझिनची पहिली पिशवी चौथ्या दिवशी कडेने निळसर झाली, ती बघायला घरातल्या सगळ्यांना बोलावलं होतं. रिफ्रॅक्टोमीटर द्रावणाने लावला, खरंच दोनने चुकत होता. ट्रेसचा एकही थेंब टाकला नाही.

लेदरने ३० मे ला कात टाकली. मेणाचा थर एका बाजूने सुटायला लागला, मी पंपाचा झोत जरा तिकडे वळवला, दुपारपर्यंत सगळा पापुद्रा निघून गेला. दुसऱ्या दिवशी काठाकाठाने पॉलिप आले, मग मधले. गोगलगाई सात उरल्यात, मे अखेरीपासून एकही मेली नाही. श्रिंप आहे.

नवा रिपोर्ट: क्षारता ३४.९, पोटॅशियम ३८९, मॅग्नेशियम १२८५, तांबं ६, जस्त १४, आयोडीन ०.०५. लोह, मँगनीज पुन्हा "आढळले नाही" आणि प्रवाळ फुललेले.

ताई, आयोडीन ०.०५ आहे. काही करू का?

---

खामकाठची, २५ जून, सकाळी ६:४५

काही नको दादा. पुढच्या रिपोर्टात ०.०३ च्या खाली गेलं तर बघू, तेव्हाही थेंब दहा मिली आरओडीआयमध्ये पातळ करून त्यातलं थोडं थोडं. लेदरचा फोटो टाका ना.

---

विष्णुपुरी, २५ जून, सकाळी ७:३०

आता पाऊस लागलाय, पावसाचं पाणी धरा. माझ्याकडे काल धरलेल्याचा टीडीएस १८ आला, बोअरच्या ११०० पुढे आरओडीआयचं रेझिन कितीतरी जास्त टिकेल. पहिला पाऊस वाहू द्या, त्यात धूळ असते. आणि स्लॅबवरचंच घ्या, गॅल्वनाइज्ड पत्र्यावरून आलेलं नको, जस्त पुन्हा दारात येईल.

---

मांजराकाठी, २५ जून, सकाळी ७:५५

स्लॅबच आहे सर. पाइपही पीव्हीसीचा. मात्र खाली ड्रमला जो कॉक आहे तो आत्ता जाऊन बघून आलो, पितळीच आहे. आज बदलतो.